पाच वीत दोन बोटं

सिहोरा,
८ नोव्हेंबर १९७८

चिरंजीव तेजराम यास जागेश्वर वलथरेचा आशीर्वाद.

आमी सारे खुशाल. तुही बाई बी खुशाल. बाई म्हंजे तुही मोठी बहीन आन माही रुखमा. दुसऱ्या कोन्या बाईची खुशाली लिवली तं मले या घरात जेवन नाही भेटनार.

कामाची गोष्ट अशी का, आपल्या तलावाच्या पाळीखाली जे तुडूम आहे, पानी सोडाचं दार, ते अडकलं का पाटबंधारे खात्याचे लोक मलेच बलावते. हे तुले मालूम आहे. दम धरून खाली जातो, चाचपत काडीकचरा काढतो, वर येतो. एकडाव तं आखी मेलेली म्हैस निंगाली होती. वीस वर्सं झाले. गेल्या जानेवारीत पान्यात मले थोडी थंडी वाजली, बस इतलंच. पन नवीन साहेबानं त्याचं मनावर घेतलं. म्हनते, "जागेश्वर, थंडीत उघड्या आंगानं उतरू देनार नाही. पानबुड्याचा सूट घे, खात्यातून मंजूर करतो. कोनता घ्याचा ते मात्र तूच सांग. आमच्यातल्या कोनी पाहिलाच नाही."

सूट नाही आला तं थंडीतल्या कामाले नागपूरचा पानबुड्या येईन. आन तो एकडाव आला का उन्हाळ्यातबी तोच येईन. हे समजाले का म्याट्रिक पास व्हा लागते?

म्हनून तुले लिवतो. आपल्या आख्ख्या गोतात सूट घालून पान्यात जानारा तूच एक. नऊ वर्सं झाले तुले मुंबईच्या गोदीत पानबुड्या होऊन. साहेबाले मी छाती फुगवून सांगितलं, माहा साळा आहे, त्याले विचारतो. तं लवकर लिव. कोनता घेऊ, आन घेतल्यावर सांभाळू कसा.

तुहा भाऊजी,
जागेश्वर

*

मुंबई,
१९ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप भाऊजींस तेजरामचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला आणि जबाबदारीही वाटली.

सूट तीन तऱ्हेचे असतात. एक जुना, तांब्याच्या टोपाचा. पायात शिशाचे बूट, वरून चार माणसं पंपानं हवा देतात. तो बोटीच्या कामाला ठीक. आपल्या तलावात तो घालून उतरलात तर गाळात रुताल आणि तुम्हाला काढायला दुसरा पाणबुड्या लागेल. दुसरा कोरडा सूट. गळ्याशी, मनगटाशी घट्ट, आत थेंब येत नाही. पण तुडुमापाशी बाभळीच्या फांद्या असतात. एक काटा लागला की तो गेला.

तिसरा फेसाच्या रबराचा. जाड, मऊ, अंगाला जळूसारखा चिकटलेला. त्यात पाणी थोडं आत येतं, पण येतं ते तिथंच राहतं. अंगाची ऊब त्याला लागते आणि मग थंडी आत शिरत नाही. काटा लागला तरी छोटं भोक पडतं, ते चिकटवता येतं. भाऊजी, तुम्ही डोळे मिटून हाच घ्या.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा सूट मापाचाच पाहिजे. सैल झाला तर घालून न घालून सारखंच. माझ्या ओळखीत परदेशी बोटीवरून आलेले, थोडे वापरलेले सूट आहेत, चांगला बघून देतो. छाती, कंबर, मांडी, गळा, सगळी मापं नीट घेऊन लगेच पाठवा. बाईला नमस्कार.

आपला,
तेजराम

*

सिहोरा,
३० नोव्हेंबर १९७८

चि. तेजरामले बाईचा लय लय आशीर्वाद.

तुह्या भाऊजीनं तुहं पत्र वाचलं आन दोन दिवस घरात नुसता धिंगाना. "पानी आत येते तं मंग तो सूट कायचा? छत्रीले भोकं पाडून इकाले बसला का तुहा भाऊ?" मंग मी म्हनलं, आमी बाया पावसात धानाचा रोवना करतो तवा लुगडं ओलंच राहते. पहिले हिव भरते, मंग आंगाच्या गरमीनं तेच लुगडं गरम होते. बांधावर जाऊन बदललं का पुन्हा हिव. तवा कुठं त्यायच्या डोक्शात उजेड पडला. आता सांगून राहिले का हे त्यायले पहिलेच मालूम होतं.

मापाचं म्हनशील तं भय्याजी टेलरकडं जा म्हनलं. नाही म्हने, लंगोटावर त्याच्यापुढं उभा राहनार नाही, तो चौकात सांगते. मंग मीच घरी मोजलं, जसं आपन जाळं मोजतो तसंच. छाती पाच वीत दोन बोटं. कंबर चार वीत तीन बोटं. मांडी तीन वीताले एक बोट कमी. गळा दोन वीत. उंची तुले मालूम आहे, तुह्यापेक्षा चार बोटं कमी.

आता एक गोष्ट. मी लिवली हे त्यायले सांगू नोको. "थोडी थंडी वाजली" असं लिवलं ना त्याईनं? गेल्या जानेवारीत तिसऱ्या बुडीले आंग लाकडावानी आखडलं होतं. दोर ओढून काढलं लोकाईनं. ओठ निळे. पाळीवर शेकोटी पेटवून मी तळवे चोळत होती, आन हा मानूस दात वाजवत मले म्हनते, "काई नाही, काई नाही." मी लय भेली रे तेजराम. पन मी काम सोडा म्हनत नाही. पान्याबाहेर हा मानूस अर्धाच राहते. म्हनून चांगला सूट पाह्य.

तुही बाई,
रुखमा

*

मुंबई,
११ डिसेंबर १९७८

ती. भाऊजींस साष्टांग नमस्कार.

मापं मिळाली. भाऊजी, लग्नात पाहिलेले तुम्ही आणि आताचे तुम्ही! छाती सेहेचाळीस इंच म्हणजे पैलवानच झालात की! बाईच्या हातची मासोळी आणि भात मानवला म्हणायचा. एवढ्या छातीचा सूट इथं सहज मिळत नाही, एका गोऱ्या खलाशाचा शोधून काढला. पाय लांब होते, ते मी कापून नीट केले. रेल्वे पार्सलनं तुमसर रोडला येईल.

आता सांभाळायचं नीट ऐका. घालताना आतून पावडर लावायची, साधी, तोंडाला लावतात ती. सूट कातडीला घासत नाही आणि फाटत नाही. दोन माणसांनी मदत करावी, नखं लावून ओढू नये. पाण्यातून आलं की आधी विहिरीच्या पाण्यानं आतून बाहेरून धुवायचा, मग उलटा करून सावलीत वाळवायचा. उन्हात घातला की रबर तडकतं. तेल, रॉकेल जवळपासही नको, चुलीचा धूरही नको. घडी घालून पेटीत ठेवला तर घडीवरच मोडतो, म्हणून जाड बांबूवर खांदे पसरून टांगायचा. उंदराला रबर फार आवडतं, तेव्हा भिंतीपासून लांब. भोक पडलं तर सायकलवाल्याचं सोल्युशन लावायचं, पण दोन्हीकडे लावून, फुंकर घालून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. घाई केली की पुन्हा सुटतं.

एवढं केलंत तर दहा वर्षं सूटकडे बघावं लागणार नाही. सूटला माणसासारखी सवय होते, भाऊजी. सांभाळणाऱ्याचा हात त्याला कळतो.

आपला,
तेजराम

*

सिहोरा,
२ जानेवारी १९७९

चि. तेजरामले आशीर्वाद.

सूट भेटला. तू सांगितला तसा ओसरीत बांबूवर टांगला. शेजारची पार्वताबाई दोन दिवस रुखमाले विचारून राहिली, "कोन पाहुना आला वो तुमच्याकडं? येता-जाता पाहा तं उभाच. बसत काहून नाही?"

आता खरं सांगतो. तू सेहेचाळीस छाती लिवली तवा मले वाटलं साळा मस्करी करून राहिला. पन सूटबी तसाच निंगाला! दोघाईनं ओढून घालावा लागते म्हनला होतास, माह्या आंगावर तो एका हातानं आला आन एका हातानं निंगते. पाठीकडून अजून एक जागेश्वर मावते. तरी म्हनलं पाहू. पावडर फासून पाळीवर गेलो. भय्याजी म्हने, "नवरदेव, वरात कुठं चालली?"

पान्यात उतरलो. सारा सूट पखालीवानी भरला. थंडगार पानी इकडून आत, तिकडून बाहेर. हे एक. दुसरं त्याहून खराब. मी बुडतच नाही! खाली जाले पाहातो तं सूट मले वर लोटते. ढिवराचा पोर, वीस वर्सं तुडुमात जानारा, आन पान्यावर लाकडाच्या ओंडक्यावानी तरंगून राहिला! पाळीवर सारे लोक हासून हासून बसले. टेकचंद वरून म्हनते, "जागेश्वरभाऊ, मासोळ्या खाली वाट पाहून राहिल्या." मीबी हासलो. पन घरी येऊन जेवलो नाही.

साहेबानं तारीख देली. फेब्रुवारीच्या पाच तारखेले त्याच्यापुढं सूट घालून सहा बुड्या माराच्या. नाही जमलं तं नागपूरवाल्याले पत्र जाईन.

तेजराम, मले एक सांग. तू नऊ वर्सापासून हा घालून राहिला. मंग तू खाली जातो कसा? धुवाचं, वाळवाचं, टांगाचं तू दोन पानं लिवलं. लय मन लावून लिवलं. पान्याखालचं एक अक्षर नाही. काहून नाही? रागानं नाही विचारून राहिलो. पन विचारून राहिलो.

तुहा भाऊजी,
जागेश्वर

*

मुंबई,
१० जानेवारी १९७९

भाऊजी,

हे पत्र पाकिटात घातलं, कारन कार्ड दादाजी पोस्टमन पहिले सोता वाचते आन मंग देते.

मी पानबुड्या नाही. नऊ वर्सात समुद्रात एकडावबी उतरलो नाही. मी गोदामात आहे. पानबुडे वर आले का त्यायचे सूट माह्याकडं येते. मी धुतो, वाळवतो, ठिगळ लावतो, पावडर मारून टांगतो. तितलंच माहं काम.

इथं आलो तवा मालकानं विचारलं, बुडी येते का. मी हो म्हनलो. शिडीवर उभा राहिलो, खाली काळं पानी. हात सुटलेच नाही. लहानपनी तुडुमापाशी मी शेवाळात अडकलो होतो, तुमीच काढलं होतं, ते तवापासून आंगातून गेलंच नाही. मालक चांगला मानूस, म्हने, जा, गोदामात बस. मी तुमाले लिवलं, "पानबुड्यायच्या कामावर लागलो." तुमी गावात बत्तासे वाटले. मंग खरं लिवाले धीर नाही झाला. एक साल गेलं, दोन गेले, मंग तं लाजच वाटे.

सूट घालून खाली जाले कमरेले शिशाचा पट्टा लागते. सहा-सात किलोचा. तो दुसऱ्या खोलीत राहते, दुसरा मानूस सांभाळते. मले आठवलाच नाही, कारन मले कधी बुडाचंच नव्हतं. आपल्या जाळ्याचे शिशाचे मनी कापडी पट्ट्यात शिवून कमरेले बांधा, तेच काम होते. थोडे थोडे वाढवून पाहा. गाठ अशी मारा का एका झटक्यात सुटन.

माप मात्र मी बराबर धरलं होतं. माही वीत नऊ इंच. पाच वीत म्हंजे पंचेचाळीस, वर दोन बोटं. कुठं चुकलो ते समजत नाही. पन चुकलो. पानबुड्या बनून सूट निवडाले बसलो, आन माह्यापायी तुमचं काम हातचं चाललं. मले जे बोलाचं ते बोला, पन पत्र बंद करू नोका.

तेजराम

*

सिहोरा,
१८ जानेवारी १९७९

अरे येड्या,

वीत माही होती ना!

मी मोजलं तं माह्याच हातानं मोजीन का मुंबईवरून तुहा हात मागवीन? इतकीशी माही वीत, भय्याजीच्या टेपानं आज मोजून आली, सात इंच! पाच वीताचे पस्तीस झाले, वर दोन बोटं. तू तिथं आपला फावड्यावानी पंजा पसरून बसला. आन मले बी सुचू नये? जाळं आपन घरातच मोजतो, घरातच इनतो, म्हनून वीत कोनाची हे कोनी इचारतच नाही.

आता भाऊजीचं आयक. पाकीट त्याईनं ओसरीत वाचलं. मंग मले देलं आन पाळीवर जाऊन बसले. आले तवा दिवा लागला होता. राग आला होता, खोटं कायले लिवू. म्हने, "मी गावभर सांगत फिरलो." मी म्हनलं, तुमीच फिरले, त्यानं फिराले सांगितलं होतं का? मंग म्हनते, "पान्याले भेनारा पोट्टा नऊ वर्सं पान्याच्या काठी राहिला, आन मले सांगाले मात्र भेला. मी काय पान्याहून खराब आहो का वो?" हे बोलताना डोळे भरून आले होते त्यायचे.

यावेळी पत्र तू आपल्या बोलीत लिवलं. मले गोड लागलं. नाही तं मले वाटे कचेरीतूनच येऊन राहिलं.

खाली ते सोता दोन ओळी लिवतो म्हनते.

रुखमा

तेजराम, पट्टा शिवला. बुडतो आता. पन पानी अजून आत येते. आमच्याजवळ पानबुड्या एक आहे, दुसरा नोको. सूट कापून आंगाचा करून देनारा मानूस पायजे. तो तुह्या ओळखीचा कोनी आहे का?
जागेश्वर

*

(कार्ड)

मुंबई,
२३ जानेवारी १९७९

भाऊजी, चार दिवसांची रजा मंजूर. २७ ला तुमसर रोडला उतरतो. सोल्युशनचे दोन डबे आणि कैची आणतो. तोवर सूट धुऊन सावलीत टांगा. बाई, यावेळी सुतळीनं मोजायचं.

आणि दादाजी पोस्टमन, तुम्ही हे वाचतच आहात, म्हणून तुम्हालाही लिहितो. मी मुंबईत पाणबुड्या नाही. मी पाणबुड्यांचे सूट सांभाळतो. कोणी विचारलं तर असंच सांगा.

तेजराम

*

सिहोरा,
१२ फेब्रुवारी १९७९

चि. तेजरामले जागेश्वरचा आशीर्वाद.

तू नीट पोहोचल्याचं कार्ड आलं. दादाजीनं तुहं मागचं कार्ड आख्ख्या गावाले वाचून दाखवलं होतं, आन लोकाईनं काय केलं ते तू पाहिलंच. दोन दिवस ओसरीत फाटके रेनकोट आन पंक्चर ट्यूबा घेऊन रांग लागली. तू गेल्यावरबी येऊन राहिले. टेकचंद तं गमबूट घेऊन आला.

तू कमरेइतल्या पान्यात उतरून माह्या पाठीची शिवन पाहिली, ते मी कोनाले सांगितलं नाही. तुह्या मनात असन तं तूच सांग.

आता पाच तारखेचं. थंडी अशी का पाळीवरच्या गवतावर पांढरं दिसत होतं. सूट घालाले मले आन रुखमाले बराबर पाव घंटा लागला. घाम निंगाला तिचा. म्हने, "आता खरा सूट झाला." पट्टा बांधला, दोर तिनं धरला. साहेब खुर्ची टाकून बसला, बाजूले बाबू कागद घेऊन.

पहिल्या बुडीले मानेतून थंड पानी आत आलं, मी मनात म्हनलं, गेला. मंग ते आतच राहिलं, आन जरा वेळानं गरम झालं. तेजराम, वीस वर्सात मी तुडुमापाशी कधी थांबलो नाही. जा, हाताले लागन ते ओढ, पळ. यावेळी पहिल्यांदा थांबलो. दगड कसे बसवले ते हातानं पाहिलं. ज्यानं कोनी बसवले त्यानं लय मन लावून बसवले. एक पळसाचं ठुठ, तुटका बुंधा, अडकलं होतं, ते तीन बुड्यात मोकळं केलं. सहा सांगितल्या होत्या, मी नऊ मारल्या. रुखमानं दोराले झटके देले तवा वर आलो, नाही तं दहावीबी मारली असती. साहेब म्हने, "जागेश्वर, नागपूरले पत्र जात नाही." रुखमा तिथंच पाळीवर बसली आन पदर डोळ्याले लावला.

आता तुले एक सांगतो, जे तुह्या बाईलेबी मालूम नव्हतं. काम झालं का बाबू कागद पुढं करते. मी चवथी पास आहो, पन पान्यातून निंगालो का थंडीनं बोटं पेन धरत नव्हते. पहिल्याच साली अंगठा देला. बाबूनं कागदावर "निरक्षर" लिवलं. दुसऱ्या साली म्हनलं सांगू, मंग लाज वाटली का गेल्या साली काहून नाही सांगितलं. असे वीस वर्सं गेले. खात्यात मी अडानी. तुले कोन्या तोंडानं रागावलो असतो?

त्या दिवशी बाबूनं सवयीनं शाईचा डबा पुढं केला. मी हात पाहिला. ओला होता, पन कापत नव्हता.

मी म्हनलो, "बाबूजी, पेन द्या."

बाबूनं साहेबाकडं पाहिलं, साहेबानं माह्याकडं. मी खुर्चीच्या हातावर कागद ठेवला आन पुरं नाव लिवलं. जागेश्वर सुखराम वलथरे. "श्व" जरासा वाकडा आला.

तुहा भाऊजी,
जागेश्वर सुखराम वलथरे